विषय: जुलैची सहल – टँगलवूडची हिरवळ की मार्लबोरोची बैठक?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

पाडव्याचा हिशेब एकदाचा लागला, गणपतीला अजून वेळ आहे. तेव्हा मधल्या जुलैमध्ये एक सहल काढावी असं समितीत ठरलंय. ठिकाण टँगलवूड, लेनॉक्स. मास पाइक महामार्गाने दोन-सव्वादोन तास. रविवारी दुपारी तिथल्या ‘शेड’ नावाच्या मोठ्या उघड्या मंडपात बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजतो, आपण बाहेर हिरवळीवर सतरंज्या टाकून ऐकायचं. डबे आपापले, बटाटेवडे मंडळातर्फे. मुलांना पळायला जागा भरपूर.

शुक्रवारपर्यंत आकडा कळवा. मोठी किती, छोटी किती आणि गाडीत जागा आहे की हवी आहे, हे वेगवेगळं लिहा. गेल्या वेळचा घोळ सगळ्यांना आठवत असेलच.

– समिती

प्रेषक: माई, नेशुआ

समितीचे आभार. वड्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, ठिकाणाबद्दल थोडी आहे.

त्या हिरवळीवर मी गेली पंचवीस-तीस वर्षं जाते आहे. जागा सुंदरच आहे. पण शेडमध्ये पाच हजार माणसं बसतात, आणि बाहेर आपल्यापर्यंत पोचतो तो लाउडस्पीकरमधून आलेला आवाज. मोठा ऑर्केस्ट्रा असला की तेही चालून जातं. आपली मंडळी मात्र संगीत ऐकायला म्हणून जातात आणि ढोकळा कुणी केला याची चौकशी करून परत येतात. (मीही त्यातलीच. ढोकळा मीच केला होता.)

टँगलवूडलाच जायचं तर निदान ओझावा हॉलमधला कार्यक्रम निवडा. हा हॉल १९९४ साली उघडला, बाराशेच्या आत खुर्च्या आहेत. मागची भिंत दारासारखी सरकते, त्यामुळे बाहेर बसलेल्यालाही थेट मंचावरचं दिसतं. तिथे चार तंतुवाद्यांची चौकडी ऐका, एखादा गायनाचा कार्यक्रम ऐका. चेंबर म्युझिक म्हणजे खोलीतलं संगीत, नावातच खोली आहे. आपल्याकडे त्याला शब्द तयारच आहे: बैठक. गिरगावात लक्ष्मीबागेत पुढच्या ओळीत बसून ज्यांनी गाणं ऐकलंय, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. गायकाने श्वास घेतला की आपल्याला ऐकू यावा, इतक्या अंतरावरचं हे संगीत.

आणि माझं खरं म्हणणं याच्याही पुढचं आहे. यंदा मार्लबोरोच्या चेंबर म्युझिक महोत्सवाला जाऊ या.

– माई

प्रेषक: फ्रेमिंगहॅमचे काका

माई, तुमचा अधिकार मान्य, पण आमच्यासारख्या सामान्यांचंही जरा ऐका.

एक, मी वेबसाइट बघितली. कुठल्या दिवशी काय वाजणार हे तिथे लिहिलेलंच नाही! तिकीट आधी काढायचं आणि काय ऐकायचं ते नंतर कळणार? सवाईला निदान कलाकारांची यादी आधी तरी मिळते. दोन, जर्मन गाणी. मला जर्मनमध्ये "डांके" एवढंच येतं. तीन, टाळ्या कधी वाजवायच्या हेच मला आजवर उमगलेलं नाही. मागे एका हॉलमध्ये पहिला भाग संपल्यावर मी मनापासून टाळ्या वाजवल्या. अख्ख्या हॉलमध्ये मी एकटाच. सौ. अजून ते पाहुण्यांना सांगते. चार, वडे कुठे खायचे?

टँगलवूडला आपलं नातंही आहे. १९५८ च्या उन्हाळ्यात मुंबईचे झुबिन मेहता तिथे शिकायला होते. पुढे मोठे ऑर्केस्ट्रा-संचालक झालेले क्लॉदिओ अब्बादो त्यांच्याच बरोबरीचे. झुबिनच्या वडिलांनी, मेहली मेहतांनी, १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता. आमचे वडील ऑफिसातून परस्पर तिकडे जायचे, त्यामुळे हे सगळं मला अगदीच परकं नाही. पण इतकी लांब गाडी हाकायची म्हणजे काहीतरी पक्कं हवं ना!

– काका

प्रेषक: श्रुजबरीहून (दोन मुलांची आई)

एकच प्रश्न. माझी धाकटी सहा वर्षांची आहे. ती दोन तास गप्प बसेल असं मी लिहून देऊ शकत नाही. आम्ही येऊ नये का?

प्रेषक: माई, नेशुआ

काका, एकेक करून सांगते. मेल लांबणार, चहा घेऊन बसा.

कार्यक्रम आधी जाहीर होत नाही, यातच मार्लबोरोचं सगळं मर्म आहे. हा महोत्सव १९५१ मध्ये सुरू झाला. सुरू करणाऱ्यांत पियानोवादक रुडॉल्फ सेर्किन होते, आणि त्यांचे सासरे अडॉल्फ बुश, नावाजलेले व्हायोलिनवादक. बुश स्वतः ज्यू नव्हते. तरी हिटलर आल्यावर त्यांनी जर्मनीत वाजवणं सोडलं आणि शेवटी व्हरमाँटच्या डोंगरात येऊन राहिले. महोत्सव सुरू झाल्यावर वर्षभरातच ते गेले, पुढची चार दशकं सेर्किननी तो सांभाळला. चेलोवादक पाब्लो कॅसाल्स १९६० पासून १९७३ पर्यंत दर उन्हाळ्यात तिथे येत.

रीत अशी, की विशी-पंचविशीतली मुलं आणि मुरलेले कलाकार एकत्र राहतात, एकत्र जेवतात आणि एकेक रचना आठवडेच्या आठवडे घासतात. त्यातल्या थोड्याच मंचावर येतात. जी तयार झाली असं त्यांना वाटेल ती येते, म्हणून यादी जेमतेम आठवडाभर आधी निघते. आपल्याकडे बुवा बसल्यावर तंबोरे लागतात आणि मग ठरतं की आज पूरिया की मारवा. तेव्हा आपण कुठे यादी मागतो, काका?

मला तिथलं सगळ्यात काय आवडतं सांगू? नाव झालेला वादक दुसऱ्या व्हायोलिनवर बसलेला असतो आणि पहिलं व्हायोलिन एखाद्या बावीस वर्षांच्या मुलीकडे. ती मान किंचित हलवते आणि साठीचे गृहस्थ तिच्या मानेकडे बघून सुरुवात करतात. बाकी जेवणाच्या हॉलमध्ये हीच मंडळी कागदी रुमालांचे गोळे करून एकमेकांना मारतात. रस्त्यावर पाटी आहे, "सावधान, संगीतकार खेळत आहेत" अशा अर्थाची.

आता जर्मन. तुम्हाला भावगीत आवडतं ना? आधी कविता, मग चाल, मग गाणारा. जर्मन ‘लीड’ म्हणजे हेच. संगीतकार शूबर्ट एकतिसाव्या वर्षी गेला, तोवर त्याने सहाशेच्या आसपास गाणी करून ठेवली होती. शब्द आणि भाषांतर छापलेलं असतं, ते आधी वाचा. गाणं चालू असताना डोळे कागदावर ठेवू नका. पान उलटायचं ते गाणं संपल्यावरच. सगळ्या हॉलने एकदम पान उलटलं की ज्वारीच्या शेतातून वारा गेल्यासारखी सळसळ होते. मधेच एकट्याने उलटलं की फक्त तुम्हीच ऐकू येता.

संगीतकार शूमानचं एक उदाहरण देते. १८४० साली, क्लाराशी लग्न व्हायच्या आधी, त्याने कवी हाइनेच्या वीस कवितांना चाली लावल्या, त्यातल्या सोळांचा संच पुढे छापला. पहिलं गाणं मे महिन्याचं, कळ्या उमलताहेत, मनात प्रेम उगवतंय. पण ते गाणं संपतच नाही! "सा"च्या उंबरठ्यावर येऊन थांबतं आणि "सा" लागतच नाही. आपल्या कानाला इतकं चुकल्यासारखं होतं की घसा आपोआप हलतो. शेवटच्या गाण्यात तो प्रेमी या सगळ्या जुन्या गाण्यांना पुरायला शवपेटी मागवतो. हायडेलबर्गच्या त्या अवाढव्य दारूच्या पिंपापेक्षा मोठी, आणि ती उचलायला बारा राक्षस. इतकी मोठी का? तर त्यात त्याचं प्रेमही घातलंय. एवढं म्हणून गायक गप्प होतो. मग पियानो एकटाच वाजत राहतो, मिनिटभराहून जास्त. बाराव्या गाण्याच्या शेवटी ऐकलेली सुरावट हळूच परत येते. गायक तसाच उभा. त्याने काही करायचं नसतं आणि त्याच्यावरून नजर हलत नाही.

आता ही कबुली द्यायलाच हवी. दोन वर्षांपूर्वी मी आपल्यातल्या चौघींना घेऊन हेच ऐकायला गेले होते, ठिकाण सांगत नाही. नेमकी ती सुरावट परत आली आणि आमच्या ओळीतून चिवड्याची प्लॅस्टिकची पिशवी वाजली. करकर, करकर, मग थांबली. मग उघडणारीला वाटलं की हळू उघडली तर आवाज होणार नाही, म्हणून पुन्हा, सावकाश. पुढच्या ओळीतल्या बाईंनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, नुसते खांदे वर घेतले. ते खांदे मला अजून दिसतात.

टाळ्यांचं सोपं आहे. वाजवणारा हात खाली करून तुमच्याकडे बघेपर्यंत थांबायचं. दाद दाबून धरायला आपल्याला जड जातं, मलाही जातं. "क्या बात है" ओठांवर येऊन परत गिळते. तरी वाईट वाटून घेऊ नका. १८१३ मध्ये बेथोव्हनची सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली तेव्हा लोकांनी दुसरा भाग तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला होता. तुम्ही दोनशे वर्षं उशिरा आलात, एवढंच.

श्रुजबरीच्या ताई, तुमच्या मुलीबद्दल खरं सांगते. हॉलमध्ये तिच्यावर अन्याय होईल आणि तुमच्यावरही. टँगलवूडची हिरवळ खरी तिच्यासाठीच आहे.

– माई

प्रेषक: पेटीवाला, ॲक्टन

माईंच्या मेलला पुरवणी.

"द शेफर्ड ऑन द रॉक" ऐकून या असं मी सगळ्यांना सांगेन. शूबर्टने ते ऑक्टोबर १८२८ मध्ये लिहिलं, पुढच्याच महिन्यात तो गेला. गायिका, क्लॅरिनेट आणि पियानो, बस्स. बारा-एक मिनिटं. मार्लबोरोच्या मंडळींचं एक जुनं ध्वनिमुद्रण आहे: बेनिटा व्हॅलेंटे गातात, सेर्किन पियानोवर आणि क्लॅरिनेटवर हॅरॉल्ड राइट. हेच राइट १९७० पासून १९९३ मध्ये जाईपर्यंत आपल्या बॉस्टन सिंफनीचे पहिले क्लॅरिनेटवादक होते.

मी चाळीस वर्षं लोकांच्या गाण्यावर पेटी वाजवतो आहे. आमची साथ म्हणजे सावली. गायकाने जागा घेतली की अर्ध्या पावलाने मागून तीच जागा दाखवायची, आणि कधी त्याच्या पुढे जायचं नाही. इथे उलटं आहे. मेंढपाळ कड्यावर उभा आहे, दरीकडे तोंड करून गातो आणि दरीतून हाक परत येते. पण क्लॅरिनेट गायिकेच्या आधीच गाऊन गेलेलं असतं. मग दोघांपैकी हाक कुणाची आणि पडसाद कुणाचा हे ठरवता येत नाही. मधे काळोख येतो, ती एकटेपणाचं गाते, तिथे क्लॅरिनेट जवळजवळ श्वासाएवढंच उरतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पेटीचं झाकण लावून ठेवलं आणि दोन दिवस उघडलं नाही.

पियानोवाल्याला "साथीला" म्हणू नका, एवढी विनंती. आपल्या मागच्या पत्रकात मीच तसं छापलं होतं.

काकांना एक लालूच: शूबर्टचं "ट्राउट" पंचक (पाच वाद्यांची रचना) कधी लागलं तर सोडू नका. बाविसाव्या वर्षी केलेलं. आपल्याच एका गाण्याची चाल घेऊन त्याने चौथ्या भागात तिची बढत केली आहे. दुसऱ्या व्हायोलिनच्या जागी डबल बास आहे, त्यामुळे पियानोला खालची बाजू सांभाळावी लागत नाही आणि तो वर पाण्यासारखा खेळतो. शब्द एकही नाही, जर्मन लागणार नाही.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

मंडळी,

एकूण सतरा मेल आल्या, त्यातल्या अकरा वड्यांबद्दल. निर्णय असा:

टँगलवूडची सहल ठरल्याप्रमाणे, मुलाबाळांसकट, हिरवळीवर. त्यानंतर दोन आठवड्यांनी मार्लबोरो, रविवार दुपारचा कार्यक्रम, फक्त तीन गाड्या, पहिल्या बारा नावांना जागा. मार्गदर्शक माई. रूट दोनने ग्रीनफील्ड, तिथून ९१ ने उत्तरेला ब्रॅटलबरो, मग रूट नऊने पश्चिमेकडे डोंगर चढायचा. स्वेटर घ्या, जुलैतही संध्याकाळी लागतो. वडे वाटेत, गाडी थांबवून. हॉलमध्ये प्लॅस्टिकची पिशवी दिसली तर ती माई जप्त करतील, त्यांना तसा अधिकार देण्यात आला आहे.

– समिती

प्रेषक: फ्रेमिंगहॅमचे काका

माझं आणि सौ.चं नाव घाला. "ट्राउट" काल ऐकलं. चौथा भाग तीनदा.

उगाच लांब लांब म्हणत होतो, आत्ता फोनवर मार्लबोरो टाकलं तर घरापासून वीस मिनिटं दाखवतंय. ४९५ हायवेच्या अलीकडेच आहे. मग ग्रीनफील्डवरून कशाला जायचं?

प्रेषक: माई, नेशुआ

काका, ते मॅसॅच्युसेट्सचं मार्लबोरो. तिथे तुम्हाला इडली-डोशाचं पीठ मिळेल. पुढे व्हरमाँट लिहा. नाहीतर असं करा, सकाळी साडेनऊला माझ्या गाडीत बसा, वाटेत मी तुम्हाला शूमानचे शब्द वाचून दाखवते.