परासिया-दमुआला ‘मेलेली गावं’ म्हणणाऱ्यांना

सदरवाला
परवा इथं कुणी लिहिलं, “परासिया, जुन्नारदेव, दमुआ ही मेलेली गावं. खाणी आटोपल्या, आता तिथं पैसा ओतू नये. पोरांनी सरळ नागपूर गाठावं.” वाचून डोकं तडकलं. ही मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातली कोळशाची गावं. माझं लहानपण परासियाच्या कॉलरी क्वार्टरमधलं, म्हणजे खाण कामगारांच्या वसाहतीतलं. पेंच-कन्हान खोऱ्यातला कोळसा 1973 पर्यंत खाजगी मालकांनी नेला, मग वेकोलिनं, म्हणजे सरकारी वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीनं. वेकोलिचं मुख्यालय कुठं आहे? नागपुरात, सिव्हिल लाइन्सला. नागपुरातल्या कितीतरी घरांच्या चुली त्या खोऱ्यानं पेटवल्या. जमिनीखाली कोळशाचे खांब काढून छत पाडलं की वरचं शेत खचतं, भेगा पडतात, विहिरीचं पाणी जातं. अशी जमीन मागं टाकून “निघा” म्हणायचं? 2009 च्या नियमांपासून प्रत्येक कोळसा खाणीला बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो, त्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, पैसे भरावे लागतात. त्या पैशावर खोऱ्याचा हक्क आहे.

हिशेबी
मीच लिहिलं होतं, आणि मागे घेत नाही. भूमिगत खाणीचा टनामागचा खर्च ओपन कास्टपेक्षा, म्हणजे वरून उघड्या खोदलेल्या खाणीपेक्षा, कितीतरी जास्त. तोटा कुणी सोसायचा? माझा मामा क्वार्टर सोडवेना म्हणून दमुआतच राहिला. दोन्ही पोरं रिकामी. मावशीनं वेळेत नागपुरात मानेवाड्याला घर केलं, तिची मुलगी आज नर्स आहे. आराखड्यातून खड्डे बुजतात, झाडं लागतात. नोकरी लागत नाही.

कन्हानकाठ
मामाचं सांगू नका. माझे वडील मायनिंग सरदार, म्हणजे खाणीत कामगारांवर देखरेख करणारे होते. 1998 च्या कोळसा पेन्शन योजनेत महागाई भत्ताच नाही. त्या पैशात मानेवाड्याला प्लॉट येतो का? याच खोऱ्यातल्या न्यूटन चिखलीच्या खाणीत 1954 साली पाणी शिरून 63 माणसं गेली. त्या खोऱ्याला मेलेलं म्हणताना जीभ कशी रेटते?

इतवारीचा प्रवासी
खरा घात गाडीनं केला. 2015 ले छिंदवाडा-नागपूर नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची छोटी गाडी, बंद केली अन् खोऱ्याचं नागपूर तुटलं. उमरानाला, रामाकोना, सौंसरचे पेशंट त्याच गाडीनं नागपूरच्या सरकारी मेडिकल हॉस्पिटलले यायचे. माह्या आजीले आम्ही तसंच आणलं होतं. गाडी बंद, तर एसटी बदलत बदलत या. इंजिनं नागपुरात मोतीबागच्या रेल्वे संग्रहालयात ठेवून भागते का?

हिशेबी
नॅरोगेज छिंदवाड्यापर्यंत होती. परासियाला बैतूल जिल्ह्यातल्या आमल्याकडून ब्रॉडगेज आधीपासूनच आहे. आणि आता छिंदवाड्यालाही ब्रॉडगेज आली.

इतवारीचा प्रवासी
आमल्याहून फिरून पेशंट आणता का तुम्ही? ब्रॉडगेज आली हे मले माहीत आहे. मधली वर्षं कोण भरून देते? त्याच वर्षांत आमच्या गावची दुकानं बसली. सकाळच्या ओपीडीले पोचवणारी, गावोगाव थांबणारी गाडी पाहिजे.

कन्हानकाठ
दादा, गाडी महत्त्वाची आहे, पण पेन्शनवर कुणीच बोलत नाही. नेहमी असंच होतं.

हिशेबी
पेन्शनचं बरोबर आहे, तिथं मी वाद घालणार नाही. एस्क्रोचा पैसाही खोऱ्यातच लागावा, एवढं मान्य. पण पर्यटनाच्या गप्पा नकोत. सावनेरच्या खाण पर्यटनाला लोक जातात कारण ते नागपूरच्या हाताशी आहे. दमुआला कोण जाणार?

सदरवाला
पर्यटन मी मागितलंच नाही, पुन्हा वाचा. खाण चालवा असंही म्हटलेलं नाही. खचलेल्या जमिनीचा नकाशा ग्रामपंचायतीत लावा, राहणाऱ्यांच्या नावानं क्वार्टर करा, आणि खाणीत साठलेलं पाणी तपासून शेतीला द्या. यातलं तुम्हाला काय महाग वाटतं, ते सांगा.