आईच्या नावावर तिने न घेतलेली दोन कर्जे: क्रेडिट अहवाल दुरुस्त कसा करून घ्यावा?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली असून निफाड तालुक्यातील आमच्या गावी राहते. घराच्या दुरुस्तीसाठी तिने निवृत्तिवेतन जमा होते त्याच बँकेत कर्जाचा अर्ज केला, तेव्हा तिच्या नावावर आधीची दोन कर्जे थकीत असल्याचे सांगून शाखेने तो परत केला. सिबिल या पतमाहिती कंपनीचा (म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा) अहवाल काढला असता त्यात एका बिगर-बँक वित्तीय कंपनीची ८,५०० आणि २२,००० रुपयांची दोन वैयक्तिक कर्जे दिसली. आईने आयुष्यात कधी मोबाइलवरून कर्ज घेतलेले नाही. तिच्या फोनमध्ये असे कोणतेही अ‍ॅप नाही आणि तिच्या खात्यात ही रक्कम आल्याची नोंदही नाही. कंपनीच्या मदतकक्षाला दूरध्वनी केला, तर "आधी हप्ते भरा, मग तक्रार नोंदवू" असे उत्तर मिळाले. आता वसुलीचे फोनही येऊ लागले आहेत आणि त्यामुळे आई फार खचली आहे. या कर्जांतून तिचे नाव कसे सोडवावे, कोणाकडे आणि कोणत्या क्रमाने तक्रार करावी, याचे मार्गदर्शन हवे आहे.

खतावणी

मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी करून निवृत्त झालो आहे. पहिली विनंती ही की, त्रास टाळण्यासाठी म्हणूनसुद्धा एक रुपयाही भरू नका. भरणा केला की कर्ज आपलेच होते असा त्याचा अर्थ काढला जातो, आणि तडजोडीची रक्कम भरून खाते मिटवले तर अहवालात "सेटल्ड" असा शेरा राहतो, जो पुढे कर्ज मागताना जवळजवळ थकबाकीइतकाच नडतो.

आता तो अहवाल पुन्हा उघडा आणि फक्त कर्जांचा भाग न पाहता वैयक्तिक माहितीचा भाग वाचा. तेथे आपल्या मातोश्रींच्या नावापुढे कोणकोणते मोबाइल क्रमांक, पत्ते आणि ई-मेल नोंदले आहेत हे दिसेल. अशा प्रकरणांत बहुतेक वेळा एखादा अनोळखी क्रमांक तेथे सापडतो, कारण कर्ज घेणाऱ्याने पॅन दुसऱ्याचे आणि मोबाइल स्वतःचा दिलेला असतो. हा मुद्दा मी मुद्दाम आधी मांडतो आहे. अहवाल कोणी मागवला तर ग्राहकाला एसएमएस किंवा ई-मेलने कळवावे, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये पतमाहिती कंपन्यांना सांगितले आहे. परंतु नोंदीत क्रमांकच चोराचा असेल, तर ती सूचनाही त्याच्याकडेच जाण्याची शक्यता असते. म्हणून कर्जांबरोबर त्या क्रमांकावरही हरकत नोंदवा.

हरकत दोन ठिकाणी एकाच दिवशी पाठवावी: पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर आणि कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ई-मेलने. दूरध्वनीवरील बोलण्याला पुरावा राहत नाही, लेखी तक्रारीला तारीख असते. अ‍ॅप चालवणारी संस्था पुष्कळदा केवळ मध्यस्थ असते, त्यामुळे अहवालात ज्या कंपनीचे नाव आहे तिलाच पत्र लिहा. पतमाहिती कंपनी कर्जदात्याच्या संमतीवाचून नोंद बदलू शकत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे खरा आग्रह कोठे धरायचा ते कळेल. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते, आणि कर्जदात्याने पतमाहिती कंपनीला २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही तर तो भार त्याच्यावर येतो. या नियमाचा उल्लेख पत्रात जरूर करावा.

आपल्या देशात सिबिलखेरीज एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या आणखी तीन कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. एका ठिकाणची नोंद पुसली गेली आणि दुसरीकडे तशीच राहिली, असे घडते. म्हणून चारही अहवाल काढा.

न्यायपत्र

खतावणी यांच्या मताशी मी सहमत आहे, मात्र क्रमाबाबत थोडा वेगळा विचार मांडते. मी वकिली करते. पोलिसांकडील तक्रार आधी व्हावी आणि तिची प्रत हरकतीला जोडावी, कारण कर्जदाती कंपनी पुढे ती मागतेच. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवून पोचक्रमांक घ्या आणि स्थानिक पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज द्या. (१९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा मदत क्रमांक प्रामुख्याने खात्यातून पैसे नुकतेच गेले असतील तेव्हा उपयोगी पडतो, कारण ती रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवणे हा त्याचा उद्देश आहे.) दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख फसवणुकीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी-चा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास ६६डी लागते. अर्जात ही कलमे लिहिल्यास ठाण्यात विषय लवकर समजतो.

या प्रकरणात आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आपण प्रश्नातच लिहिला आहे, तो म्हणजे रक्कम आईच्या खात्यात आलेली नाही. डिजिटल कर्जांबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, काही ठरावीक अपवाद वगळता, कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या स्वतःच्या बँक खात्यातच जमा व्हावी लागते. तेव्हा कंपनीला लेखी विचारा की रक्कम कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला जमा केली, ते खाते कोणाच्या नावावर आहे, आणि केवायसीसाठी (ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी) कोणते छायाचित्र, कोणती कागदपत्रे आणि कोणता मोबाइल क्रमांक घेतला. कर्जकराराची प्रतही मागा. याचे सुसंगत उत्तर न देता वसुली चालू ठेवणाऱ्या कंपनीची बाजू रिझर्व्ह बँकेच्या लोकपालापुढे, म्हणजे बँका व वित्तीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, लंगडी पडते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर मान्य नसेल, तर या लोकपालाकडे विनाशुल्क ऑनलाइन तक्रार करता येते, आणि पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत येतात.

वसुलीच्या फोनबाबत: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुली प्रतिनिधींनी फोन करू नये, तसेच धमकी देऊ नये वा नातेवाइकांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट निर्देश आहेत. प्रत्येक फोनची वेळ आणि क्रमांक लिहून ठेवा. आईंना सांगा की फोन घेतलाच तर "कर्ज माझे नाही, पोलिसांत तक्रार दिली आहे" एवढेच वाक्य बोलून ठेवून द्यावा. न केलेल्या गोष्टीचा जाब देण्याची त्यांच्यावर काहीही सक्ती नाही.

अंगठा

मी गावातील लोकांची ऑनलाइन कामे करून देतो, म्हणून पुढच्या बचावाबद्दल लिहितो. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आईंच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहा. अनोळखी क्रमांक असल्यास तेथूनच कळवता येतो. त्यानंतर आधारच्या संकेतस्थळावर किंवा एम-आधार अ‍ॅपमध्ये प्रमाणीकरणाचा इतिहास तपासा, म्हणजे मागील सहा महिन्यांत त्यांचे आधार कोठे कोठे वापरले गेले ते कळेल.

बोटांचे ठसे तेथेच लॉक करून ठेवा. आधारशी जोडलेल्या खात्यातून सेवा केंद्रावर पैसे काढताना ओटीपी लागत नाही, केवळ आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा पुरतो, आणि जमिनीच्या दस्तांवरील ठशांवरून खोटे अंगठे बनवून पैसे काढल्याचे गुन्हे देशात उघड झाले आहेत. रेशन दुकानात अंगठा लावायचा असेल किंवा नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असेल, तेव्हा लॉक तात्पुरते उघडता येते. हे आईंना नीट समजावून सांगा, नाहीतर दुकानात अंगठा जुळला नाही की त्या गोंधळून जातील. झेरॉक्स देताना केवळ शेवटचे चार अंक दिसणारे मास्क केलेले आधार द्यावे आणि प्रतीवर आडवे, कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेला दिले ते लिहावे.

गोदाकाठ

आपण सर्वांनी दिलेल्या माहितीबद्दल मनःपूर्वक आभार. अहवाल पुन्हा पाहिला. आईच्या नावापुढे खरोखरच एक अनोळखी मोबाइल क्रमांक आहे. उद्या पोलीस ठाण्यात अर्ज देतो आणि त्याच दिवशी दोन्ही हरकती पाठवतो. एकच शंका उरते: घरदुरुस्तीचे कर्ज तोवर थांबवावे काय?

खतावणी

थांबवण्याची गरज नाही. पोलीस तक्रारीची प्रत, हरकतीचा पोचक्रमांक आणि कंपनीला पाठवलेला ई-मेल जोडून शाखा व्यवस्थापकांना नव्याने अर्ज द्या. निवृत्तिवेतन त्याच बँकेत येते, त्यामुळे निवृत्तिवेतनधारकांच्या कर्ज योजनेबद्दल आवर्जून विचारा. मंजुरीचा निर्णय अर्थात त्यांचा राहील. नकार मिळाला तर त्याचे कारण लेखी मागून घ्या, कारण चुकीच्या नोंदीमुळे प्रत्यक्ष नुकसान झाल्याचा तो कागद लोकपालाकडील तक्रारीला जोडता येईल.