शरियत कायदा मुळात तयार कसा झाला? काय वाचू?

कुर्लीप्रेमी: मंडळी, प्रश्न स्वयंपाकघरातून आलाय, हसू नका. आम्ही रत्नागिरीचे, शेजारी कोकणी मुसलमान कुटुंब, चाचींकडे कुर्ल्यांचं कालवण झालं की आमच्याकडे डबा ठरलेला. पण त्यांची सून सोलापूरची, ती कुर्लीला हात लावत नाही. चाची म्हणाल्या आम्ही शाफई ती हनफी (इमाम शाफई आणि अबू हनीफा यांच्या नावाचे सुन्नी कायद्याचे दोन पंथ), आमच्यात दर्यातलं सगळं चालतं, त्यांच्यात फक्त मासा. कुराण एक मग कायदे दोन कसे? लॉच्या नोट्स चाळल्या तर पहिल्या पानावर कुराण, सुन्ना (पैगंबरांची वागणूक), इज्मा (जाणकारांचं एकमत), कियास (तुलनेनं काढलेला निष्कर्ष) असे चार सोर्स आणि पुढे थेट तलाक. मधली दोनशे वर्षं गेली कुठे? इंग्रजी चालेल, फार जड नको.

जुनापुराणा: नोट्सवाले शेवटचं आधी सांगतात म्हणून घोळ होतो. चार सोर्सची ती मांडणी पक्की होत गेली इमाम शाफईंपासून (वारले ८२० मध्ये, इजिप्तला), कायदा त्याच्या कितीतरी आधी गावोगावी चालू होता. कुराणात कायद्याच्या आयती ढोबळमानाने पाचशे, त्यातल्या बऱ्याच नमाज-रोज्याच्याच, मग बाकीचं मदिना, कूफा (इराकमधलं शहर) इथल्या जाणकारांनी आपापल्या ठिकाणी बसून ठरवलं. आणि सगळे काही दरबारी नव्हते हां, अबू हनीफा (वारले ७६७) कूफ्यातले रेशमी कापडाचे व्यापारी. इब्न मुकफ्फा या दरबारी लेखकानं खलिफा मन्सूरला सुचवलं होतं की सगळ्यांना एकच कायदा करा, झालं नाही. फरक बघ, कूफावाल्यांकडे सज्ञान मुलगी वलीशिवाय (वडील वगैरे पालक) निकाह करू शकते, मदिनेत वली पाहिजेच. कायद्याचे इतिहासकार कुल्सन म्हणतात कूफा मिश्र वस्तीचं, मदिनेत जुनी अरबी टोळ्यांची चाल, म्हणून. त्यांचं १९६४ चं हिस्टरी ऑफ इस्लामिक लॉ घे, सुरुवातीचे चॅप्टर बास.

रद्दीतला_राजा: कुल्सन ठीक, पण मी म्हणेन थेट मदिनेच्या इमाम मालिकांचा मुवत्ता (हदीसा आणि कायद्याचा जुना ग्रंथ) उघड, भाषांतर मिळतं. खरेदी-विक्रीचं प्रकरण काढ. आधी हदीस (पैगंबरांचं सांगितलेलं वचन) देतात की सौदा झाला तरी दोघं एकमेकांपासून दूर होईपर्यंत कुणीही मोडू शकतो, आणि लगेच खाली मालिकच म्हणतात की आमच्याकडे याची ठराविक मर्यादा नाही आणि तशी वहिवाटही नाही!! स्वतःच सांगितलेली हदीस बाजूला, मदिनेची चाल वर. शाफई त्यांचेच शागीर्द, पण इथे ऐकेनात, खरी हदीस हातात असताना गावाची चाल कसली बघता म्हणे. चार सोर्सचं सगळं भांडण त्या अर्ध्या पानात आहे.

तारीखपेतारीख: अभ्यासक शाख्त यांचं १९५० चं पुस्तक कुणी सुचवलं तर आत्ता नको. त्यांचं म्हणणं की कायद्याच्या बऱ्याच हदीसा नंतरच्या, कुणी कुणाकडून ऐकलं ही साखळी पैगंबरांपर्यंत मागे मागे जोडत नेलेली. आझमींनी त्यावर अख्खं पुस्तक लिहून खोडलंय, मोट्स्कींनी मक्केच्या जुन्या संग्रहांवरून वेगळा निकाल काढलाय. वाद भारी आहे पण नवख्याचं डोकं उठतं. आणि आपल्या माथेरानला जन्मलेल्या आसफ फैजींच्या आउटलाइन्स ऑफ मुहम्मडन लॉ या पुस्तकाची सुरुवातही वाच, सोपं आहे.

कुर्लीप्रेमी: मुवत्ता मागवला. आत्ताच चाचींना विचारून आलो तर कळलं सासू-सुनेची असरची (दुपारनंतरची) नमाजही वेगवेगळ्या वेळी. हे काय आता?

रद्दीतला_राजा: ऐन मध्यान्हीला पडते ती सावली सोडून काठीची सावली काठीएवढी झाली की शाफई असर, अबू हनीफांच्या मते दुप्पट व्हायला हवी. गंमत म्हणजे त्यांचेच दोन पट्टशिष्य, अबू यूसुफ आणि शैबानी, म्हणतात एकपट पुरे. आणि हा अबू यूसुफ पुढे खलिफा हारून रशीदचा मुख्य काझी.

कुर्लीप्रेमी: सुनेला सांगू का?

जुनापुराणा: सांग, पण डबा घरात आल्यावर.