लिनक्ससाठी लॅपटॉप: ४० हजारांत नवा घ्यावा की वापरलेला?

मुद्रितशोधक_ठाणे

नमस्कार. मी मराठीची अध्यापिका आहे आणि उरलेल्या वेळात मुद्रितशोधन करते. माझा लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा असल्यामुळे त्यावर विंडोज ११ बसत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एका सहकाऱ्यांनी त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) घालून दिले व ते मला आवडले. परंतु आता बिजागरी तुटली आहे आणि बॅटरी एक तासिका पूर्ण होईपर्यंतही तग धरत नाही. त्यामुळे लिनक्स चालवण्याच्या हेतूनेच दुसरा लॅपटॉप घ्यायचा आहे. खर्चाची मर्यादा ४० हजार रुपये. दुकानात विचारले, तर "लिनक्स सगळ्यावर चालतं, मॅडम" एवढेच उत्तर मिळाले. काही प्रकाशक अजून श्रीलिपीतील (विंडोजवरच्या जुन्या मराठी टंकप्रणालीतील) मजकूर पाठवतात, हीही एक अडचण आहे. कोणत्या गोष्टी पाहून घ्याव्यात?

गिरगावकर

दुकानदार खोटे बोलला नाही. लिनक्स जवळजवळ सगळ्यावर सुरू होते. पण महिनाभराने वाय-फाय मध्येच तुटू लागते किंवा झाकण लावून ठेवलेला लॅपटॉप सकाळी गरम आणि रिकामा सापडतो, तेव्हा आतले सुटे भाग कोणते होते हे कळते. म्हणून ब्रँडआधी वायरलेस चिप आणि ग्राफिक्स पाहावे.

इंटेलच्या वायरलेस चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो, त्यामुळे वेगळे काही घालावे लागत नाही. ब्रॉडकॉमच्या अनेक चिपना बंदिस्त ड्रायव्हर लागतो. रिअलटेकच्या काही चिप आता बऱ्या चालतात, काहींनी मात्र लोकांना बराच मनस्ताप दिला आहे. मुख्य गोम अशी, की एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या वेगवेगळ्या वायरलेस चिप बसवतात. शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर नीट चालले म्हणून तुमच्या प्रतीवर चालेलच असे नाही. उबुंटूच्या प्रमाणित लॅपटॉपच्या यादीतही नेमक्या कोणत्या भागांवर चाचणी झाली ते दिलेले असते. तेवढे वाचल्याशिवाय नुसते मॉडेल जुळले म्हणून समाधान मानू नये.

ग्राफिक्सबाबत माझे मत थोडे कडक आहे. इंटेल किंवा एएमडीचे अंगभूत ग्राफिक्स घ्यावे. एनव्हिडियाने २०२२ मध्ये आपली कर्नल मॉड्यूल्स खुली केली हे खरे; तरी मुद्रितशोधनासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड म्हणजे विनाकारण उष्णता, वजन आणि एक जास्तीचा ड्रायव्हर. बोटाचा ठसा ओळखणारे बटण चालले तर चालले, त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

कळवा_लोकल

नवाच घेणार असाल तर एक छोटी सूचना. उबुंटूच्या इन्स्टॉलरला एसएसडी दिसलीच नाही, तर घाबरू नका. इंटेलच्या काही लॅपटॉपमध्ये बायोसमधील (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमधील) साठवणुकीची पद्धत रेड किंवा आरएसटीवर ठेवलेली असते. ती एएचसीआय केली की एसएसडी दिसू लागते. मात्र त्यावर विंडोजही ठेवायचे असेल, तर आधी त्याची तयारी करून मगच हा बदल करावा, अन्यथा विंडोज सुरू होत नाही.

जुना_थिंकपॅडवाला

४० हजारांत मी तरी नव्याकडे पाहणार नाही. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून तीन-चार वर्षांनी बाहेर पडलेले लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवर मिळतात (पत्त्यात डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेले असते, पण ग्रँट रोडला उतरून ते नाव विचारलेत, तर लोक तोंडाकडे पाहतील). लेनोवोच्या थिंकपॅडची टी मालिका, डेलची लॅटिट्यूड आणि एचपीची एलिटबुक यांवर लिनक्स वापरणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे अडचण आली तर ती आधी कोणाला तरी आलेली असते. यांतल्या बऱ्याच मॉडेलचे बायोसही लिनक्समधूनच अद्ययावत करता येते.

आता फसण्याच्या जागा. मी पहिल्यांदा घेतला तेव्हा बायोसला आधीच्या मालकाचा सुपरवायझर पासवर्ड होता आणि तो दुकानदारालाही ठाऊक नव्हता. थिंकपॅडवर हा पासवर्ड बॅटरी काढून किंवा रीसेट करून जात नाही. त्यामुळे पैसे देण्याआधी बायोस उघडून, एखादी सेटिंग बदलून, जतन करून दाखवायला सांगा. दुसरे म्हणजे रॅम. टी४८० मध्ये रॅमच्या दोन्ही जागांवरची रॅम बदलता येते. टी१४ च्या पहिल्या पिढीत काही रॅम बोर्डावर पक्की जोडलेली असते आणि वाढवायला एकच जागा उरते. श्रीलिपीसाठी तुम्हाला आभासी यंत्रात (लिनक्सच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या संगणकासारख्या प्रोग्राममध्ये) विंडोज चालवावे लागेल, तेव्हा १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नका.

तिसरी गोष्ट बॅटरीची. वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी थकलेली आहे असे गृहीत धरून नव्या बॅटरीचे पैसे बाजूला ठेवा. मूळ क्षमतेपैकी किती उरली आहे हे लिनक्समध्ये 'यूपॉवर' दाखवते. दुकानदाराचे "चार तास आरामात" हे मोजमाप नव्हे.

मुद्रितशोधक_ठाणे

आपणा सर्वांची आभारी आहे. झाकण लावल्यावर बॅटरी संपते, ही बाब दुकानात उभ्या उभ्या कशी तपासावी?

गिरगावकर

उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवून सोबत न्या आणि 'ट्राय उबुंटू' निवडा. डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. मग टर्मिनलमध्ये सिस्टिमच्या पॉवर फोल्डरातील 'मेम_स्लीप' ही फाइल (/sys/power/mem_sleep) वाचा. त्यात 'डीप' हा शब्द चौकटी कंसात असेल, तर जुन्या पद्धतीची खोल झोप वापरात आहे आणि रात्रभरात बॅटरी फारशी उतरणार नाही. फक्त 'एस२आयडल' दिसले, तर झोपेत किती वीज जाईल हे त्या लॅपटॉपच्या फर्मवेअरवर (कंपनीने आत घातलेल्या प्रणालीवर) अवलंबून राहते. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये स्लीप स्टेट या ठिकाणी 'लिनक्स' असा पर्याय असतो, तो निवडून पुन्हा पाहा. त्यानंतर झाकण लावा, चहा घेऊन या, झाकण उघडा आणि वाय-फाय आपोआप जोडले जाते का, टचपॅड जागे होते का, ते बघा. फोनचा हॉटस्पॉट न्यायला विसरू नका, दुकानदार स्वतःच्या वाय-फायचा पासवर्ड देत नाहीत.

मुद्रितशोधक_ठाणे

काल जाऊन आले. पहिल्या दुकानाने पेनड्राइव्ह लावू दिला नाही, म्हणून तिथून निघाले. दुसऱ्या दुकानात टी४८० पाहिला: बायोसला पासवर्ड नव्हता, वायरलेस इंटेलचे होते, 'डीप' दिसले आणि चहानंतर तो व्यवस्थित जागा झाला. आतली बॅटरी बरी आहे; मागची काढता येणारी मात्र मूळ क्षमतेच्या निम्म्याहून खाली होती, ती दाखवल्यावर त्यांनी किंमत कमी केली. १६ जीबी रॅम घालून लॅपटॉप घरी आणला आहे. इन्स्क्रिप्ट कळपाट लगेच मिळाला. श्रीलिपीचे आभासी यंत्र या रविवारी करून पाहते.