मदत हवी आहे: संशोधनातील पोकळी ‘आहे’ हे दाखवायचे कसे?

नमस्कार. मी मानसशास्त्रात पीएच.डी. करत असून माझे पहिलेच वर्ष आहे. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांची झोप या विषयाचा आराखडा मी गेले चार महिने लिहीत आहे आणि तो एका वाक्यापाशी अडला आहे. दुसऱ्या पानावर मी ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले दिसत नाही’ असे लिहिले होते. मार्गदर्शक बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात एकच शब्द लिहिला: ‘कशावरून?’

प्रामाणिकपणे सांगायचे तर तोवर मी गूगल स्कॉलरवर एकच वाक्य टाकून आलेल्या निकालांची पहिली दहा पाने चाळली होती. त्यानंतर मात्र नेटाने सुमारे १४० गोषवारे वाचले आणि लेखक, वर्ष, नमुना व निष्कर्ष असे रकाने करून एक्सेलमध्ये भरले. एवढे करून हाती आलेल्या तीन पोकळ्यांपैकी पहिली नऊ दिवस टिकली आणि दुसरी दोनच दिवस, कारण दोन्ही वेळा नेमके तेच काम आधी कोणीतरी करून ठेवलेले सापडले. तिसरी पोकळी ‘आमच्या भागात असा अभ्यास झालेला नाही’ ही आहे. ती अजून उभी आहे, पण बाईंचे तेवढ्यावर समाधान होत नाही आणि खरे तर माझेही होत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. एखाद्या गोष्टीवर काम झालेले नाही हे सिद्ध करता येते का? शोध कुठे थांबवायचा? आणि शोधनिबंधांच्या शेवटी ‘पुढील संशोधनाच्या दिशा’ दिलेल्या असतात, त्यांतली एखादी उचलली तर चालते का?

प्रतिसाद १

तुमच्या बाईंनी विचारलेला ‘कशावरून?’ हाच साहित्य आढाव्याचा, म्हणजे आधी झालेल्या संशोधनाच्या पाहणीचा, सगळा प्रश्न आहे. पोकळी हे उपलब्ध साहित्याविषयी आपण केलेले विधान असते आणि कोणत्याही विधानासारखा त्यालाही पुरावा लागतो. ‘संशोधन झालेले नाही’ हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. ‘अमुक डेटाबेसमध्ये, अमुक तारखेपर्यंत, अमुक शब्दांनी शोधले असता सापडले नाही’ एवढे मात्र दाखवता येते आणि परीक्षकालाही तेवढेच हवे असते. म्हणून आजपासून शोधाची वही ठेवा. तारीख, डेटाबेस, शोधवाक्य जसेच्या तसे, किती निकाल आले आणि किती ठेवले, हे प्रत्येक शोधानंतर लगेच लिहा, कारण महिन्याने त्यातले काहीही आठवत नाही.

आता शोधवाक्याकडे वळू. तुम्ही एकच वाक्य टाकलेत, म्हणून तुमच्याच शब्दांत लिहिणारे लेखक तुम्हाला सापडले. विषयाचे तीन गट करा: परिचारिका, रात्रपाळी आणि झोप. प्रत्येक गटातले समानार्थी शब्द ‘ऑर’ने जोडा, कारण ज्याला एक लेखक रात्रपाळी म्हणतो त्यालाच दुसरा पाळीचे काम म्हणतो आणि तिसरा फिरती पाळी. मग हे तीन गट ‘अँड’ने एकत्र आणा. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या डेटाबेसमध्ये ‘एन-यू-आर-एस’ या चार अक्षरांपुढे तारांकन (*) दिले की नर्स, नर्सेस आणि नर्सिंग ही रूपे एकदम येतात. शिवाय तिथे ‘मेश’ नावाची विषयसंज्ञांची ठरीव यादी आहे, जी १९६० पासून वापरात आहे. लेखकाने कोणताही शब्द वापरला असला तरी निबंध योग्य संज्ञेखाली नोंदवला जातो. गूगल स्कॉलरवर एका शोधाचे पहिले १००० निकालच पाहता येतात. तो पूरक म्हणून उत्तम आहे, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर ‘नाही’ म्हणू नका.

थांबायचे कधी, याची खूण साधी आहे. चांगल्या निबंधाची संदर्भसूची पाहून मागे जा, त्याला पुढे कोणी उद्धृत केले हे पाहून पुढे या. नव्याने हाती आलेल्या निबंधांच्या संदर्भसूचीत सगळी ओळखीचीच नावे दिसू लागली की तुम्ही काठाशी आलात.

तुमच्या तक्त्याविषयी मात्र माझी तक्रार आहे. लेखक, वर्ष, नमुना, निष्कर्ष या रकान्यांतून आढावा लिहिता येतो, पण पोकळी दिसत नाही. ‘झोप कशाने मोजली’, ‘किती काळ मोजली’, ‘तुलना कोणाशी केली’ आणि ‘लेखकांनी कोणत्या मर्यादा मान्य केल्या’ हे चार रकाने वाढवा, मग तक्ता आडवा न वाचता उभा वाचा. उभ्या रकान्यात एकच उत्तर खालपर्यंत येत गेले तर तिथे थांबून विचार करा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. भर एवढीच घालतो की आढावा न घेता ‘अजून संशोधन हवे’ म्हणत राहिल्यास काय होते, याचे एक बोलके उदाहरण वैद्यकात आहे. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेज या औषधाच्या, १९५९ ते १९८८ दरम्यान झालेल्या ३३ चाचण्या १९९२ मध्ये कालक्रमाने एकत्र मांडून पाहण्यात आल्या. तेव्हा दिसले की औषधाने मृत्यू कमी होतात याचा संख्याशास्त्रीयदृष्ट्या पुरेसा पुरावा १९७३ पर्यंतच्या पहिल्या आठ चाचण्यांतूनच जमा झाला होता. त्यानंतरच्या २५ चाचण्यांत ३४,००० हून अधिक रुग्ण सहभागी झाले. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर विखुरलेल्या रूपात आधीच उपलब्ध होते तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला, आणि यात नियंत्रण गटातल्या रुग्णांना ते औषध मिळालेच नाही.

याच्या उलट प्रकारही असतो. डॉन स्वॅन्सन या माहितीशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये दाखवले की माशाच्या तेलाचा रक्तावर होणारा परिणाम सांगणारे साहित्य आणि रेनॉ या बोटांच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराविषयीचे साहित्य एकमेकांना जवळजवळ उद्धृतच करत नव्हते. दोन्हीकडची माहिती छापलेली होती, नव्हता तो मधला दुवा. तुम्ही परिचारिकांवरचे साहित्य वाचत आहात. विमानसेवा, कारखाने आणि पोलीस यांच्या पाळ्यांवरचे साहित्यही उघडून पाहिलेत का?

‘पुढील संशोधनाच्या दिशा’ वाचाव्यात, पण पाच-सहा वर्षांपूर्वी सुचवलेले काम एव्हाना झालेले असू शकते, हे आधी तपासावे. आणि प्रांताच्या पोकळीविषयी स्पष्टच सांगतो: ‘आमच्या भागात झालेले नाही’ हे बहुधा खरे असते आणि बहुधा निरुपयोगी असते. तिथली पाळीची रचना वा कामाचा भार वेगळा असल्यामुळे निष्कर्ष बदलण्याची शक्यता आहे, असे कारण दाखवता आले तरच त्या वाक्यात जीव येतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आठवडाभर नवे रकाने भरत होते आणि ‘झोप कशाने मोजली’ हा रकाना उभा वाचताना खरोखरच थबकले. बहुतेक खणांत एकच उत्तर आहे: पिट्सबर्ग निद्रा गुणवत्ता निर्देशांक. ही १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली प्रश्नावली मी नावाने ओळखत होते, पण मूळ प्रश्न वाचण्याची तसदी घेतली नव्हती. ती गेल्या महिनाभराच्या झोपेविषयी विचारते, आणि पहिलाच प्रश्न आहे की महिनाभरात आपण रात्री साधारणतः किती वाजता झोपायला गेलात. फिरत्या पाळीतल्या परिचारिकेने याचे काय उत्तर द्यायचे? महिन्यात ती काही दिवस सकाळी नऊला झोपते, काही दिवस रात्री अकराला. ० ते २१ मधला जो एक आकडा शेवटी मिळतो त्यात या दोन्ही झोपा एकत्र कालवल्या जातात. रात्रपाळीनंतरची झोप आणि सुट्टीच्या दिवसाची झोप वेगवेगळी मोजणे, ही पोकळी म्हणता येईल का?

प्रतिसाद १

आता तुम्ही ‘काय झालेले नाही’ सांगत नाही आहात, ‘जे झाले आहे त्यात काय झाकले जाते’ हे सांगत आहात. फरक मोठा आहे. तरी हुरळून जाऊ नका. इतकी ठळक अडचण आधी कोणाच्याच लक्षात आली नसेल असे समजणे धोक्याचे आहे. या प्रश्नावलीची पाळीच्या कामगारांवर केलेली पडताळणी, झोपेची नोंदवही वापरलेले अभ्यास आणि मनगटावरच्या हालचालमापकाने केलेले अभ्यास, असे तीन वेगळे शोध घ्या. प्रॉस्पेरो या ऑनलाइन नोंदवहीतही पाहा, पद्धतशीर आढाव्यांची (आधी ठरवलेल्या रीतीने सगळे निबंध शोधून केलेल्या आढाव्यांची) नोंद ते पूर्ण होण्याआधीच तिथे २०११ पासून होते, त्यामुळे कोणी याच मागावर असेल तर कळेल. ही टीका आधी कोणी केलेली सापडली तर ती तुमच्या बाजूचा पुरावा आहे, कारण मग तुम्हाला ‘अडचण दाखवली गेली, पण दोन्ही झोपा वेगळ्या मोजून परिणाम पाहिलेला नाही’ असे लिहिता येईल. अर्थात, ते शोधात टिकले तर.

धागाकर्ती

तिन्ही शोध उद्यापासून सुरू करते. एक शेवटची शंका आहे. पबमेड आणि स्कोपस (अनेक विषयांच्या निबंधांचा डेटाबेस) या दोन्हींमध्ये तेच निबंध पुन्हा पुन्हा येतात. वहीत आकडा कोणता लिहायचा?

प्रतिसाद २

दोन्ही लिहा. प्रत्येक डेटाबेसचा मूळ आकडा, नंतर झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दुहेरी नोंदी काढल्यावर उरलेला आकडा. पद्धतशीर आढाव्यांसाठीच्या प्रिझ्मा २०२० या नियमावलीत २७ बाबींची यादी आहे आणि सोबत किती निबंध सापडले, किती गाळले, किती उरले हे दाखवणारा प्रवाहतक्ता आहे. तुमचा आढावा त्या जातीचा नसला तरी तो तक्ता वहीत काढून ठेवा. दुहेरी नोंदी काढताना एकदा डोळ्यांखालून घाला, कारण त्याच शीर्षकाचा परिषदेतला गोषवारा आणि नंतर छापलेला पूर्ण निबंध यांना सॉफ्टवेअर कधी कधी एकच समजते.