धनुष्कोडीची गाडी वादळाने बंद पडली का?

कृष्णाकाठ: ‘1964च्या वादळाने भारत-श्रीलंका रेल्वे कायमची बुडवली, निसर्गापुढे कोणाचे काय चालते?’ असे मिरजकरांनी काल लिहिले, ते वाचून राहवले नाही. रामेश्वरम बेटाच्या टोकावरील धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, तिथून बोटीने श्रीलंकेतील तलैमन्नार आणि पुढे पुन्हा रेल्वे, असा तो मार्ग होता. 22 डिसेंबरच्या रात्री पांबनहून निघालेली पॅसेंजर प्रवाशांसह लाटांनी गिळली आणि धनुष्कोडी उजाड झाले, हे खरेच. परंतु बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा, मोडलेला पांबन पूल रेल्वे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली 46 दिवसांत उभा राहिला आणि तलैमन्नारची बोट रामेश्वरमहून पुढे दोन दशके चालली. ती थांबली श्रीलंकेतल्या यादवीमुळे. माणसांचे पाप समुद्राच्या माथी मारू नये.

मिरजकर: आपण पुस्तके वाचता, मी तिथे उभा राहून आलो आहे. प्रवाळाच्या दगडांचे ते छप्पर उडालेले चर्च आणि वाळूत गडप झालेले स्टेशन पाहिल्यावर ‘वादळाने बंद केले नाही’ म्हणण्याची माझी तरी जीभ रेटणार नाही. 1914 पासून एकाच तिकिटावर मद्रासहून कोलंबोला नेणारा मार्ग धनुष्कोडीवरून होता. रामेश्वरमची बोट ही नंतरची सोय.

स्टेशनचौक: रामेश्वरमपर्यंत कशाला जाता? आमच्या सांगलीच्या स्टेशन चौकात स्टेशन कुठे आहे? ब्रॉडगेज आले, स्टेशन विश्रामबागेकडे गेले, गावात फक्त नाव उरले. आषाढीला आजी मला मिरजेहून नॅरोगेजने पंढरपूरला नेत असे. मांडीवर दशम्यांचे गाठोडे आणि खिडकीतून येणारी कोळशाची कुसळे डोळ्यांत. ती गाडीही गेली, तेव्हा कोणते वादळ आले होते?

मिरजकर: पंढरपूरला आज ब्रॉडगेज जाते. रूळ रुंद झाले, याला मार्ग बंद पडणे म्हणत नाहीत. आठवणींचे गाठोडे कृपया दुसरीकडे सोडावे.

स्टेशनचौक: माझ्या आजीवर घसरण्याचे कारण नव्हते.

कृष्णाकाठ: आजींना दूर ठेवू, पण मिरजकर, आपण स्वतःच्याच शब्दांत अडकलात. रूळ बदलूनही पंढरपूरचा मार्ग चालू राहतो, तर बोटीचा धक्का बदलल्याने लंकेचा मार्ग कसा बंद पडतो? पलीकडची तलैमन्नारची रेल्वेही 1990 मध्ये युद्धानेच थांबवली आणि 2015 मध्ये ती आपल्या इरकॉन या सरकारी रेल्वे बांधकाम कंपनीने पुन्हा बांधून दिली. तिकडे रूळ आहेत, इकडे रामेश्वरमपर्यंत रूळ आहेत, मध्ये बोट तेवढी नाही. त्यालाही वादळच आडवे आले काय?

मिरजकर: ठीक आहे, दोन दशकांची बोट मी विसरलो, एवढे पदरात घ्या. धनुष्कोडीचे स्टेशन मात्र वादळानेच नेले, ते मी सोडणार नाही.