जुन्या सिनेमातली गाणी पळवणाऱ्यांशी भांडण

जुनी बाल्कनी, फोंडा

चवथीचा दुसरा दिवस. बांदोड्याच्या मूळ घरात वीसेक माणसं, बाहेर पाऊस, पोटात पातोळ्या. कुणीतरी टीव्हीवर 'अलबेला' (१९५१) लावला आणि रिमोट गेला भाच्याच्या हातात. गाणं सुरू झालं रे झालं की हा पुढे पळवतो. विचारलं तर म्हणे, "मामा, गाण्यात स्टोरी पुढे जात नाही." भगवानदादांच्या सिनेमात स्टोरी शोधणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

माझे आवडते सांगतो, म्हणजे मी कोणत्या गोटातला ते कळेल: 'अलबेला', 'जाल' (१९५२), 'जगाच्या पाठीवर' (१९६०), 'पिंजरा' (१९७२). चारही गाण्यांशिवाय पांगळे. पण माझा राग नुसत्या रसिकाचा नाही, गोंयकाराचा, म्हणजे गोव्याच्या माणसाचा आहे.

त्या काळच्या हिंदी सिनेमात गोंयकार दिसायचा कसा? गळ्यात क्रूस, हातात बाटली आणि तोंडात "क्या मॅन". कथेत आपल्याला तेवढीच जागा. खरा गोंयकार होता तो गाण्यात. पोर्तुगीज आमदानीत चर्चच्या शाळांमधून पोरांना सोल्फा (पाश्चात्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवत. तीच पोरं पुढे पोटामागे मुंबईला गेली. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा. ती कागदावर उतरवायची, कुठे व्हायोलिन, कुठे ट्रंपेट ते ठरवायचं आणि वादकांना वाटून द्यायचं, हे काम यांचं. अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि 'अमर अकबर अँथनी'तल्या (१९७७) गाण्यात गुरूचं नाव आलं. शंकर-जयकिशनच्या वाद्यमेळामागे सेबॅस्टियन डिसोझा. हळदोण्याचे आंतोनियो वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांच्या हाताखाली होते, आणि 'अलबेला'त तर झालरींचे कपडे घालून आपल्या बँडसकट चक्क पडद्यावर आहेत. बहुतेक सिनेमांच्या नामावलीत या लोकांची नावं शोधून सापडत नाहीत.

भाच्याने नेमका हळदोण्याचा माणूसच पळवला. बोला आता.

बसपास, वेर्णा

मामा, मी तुमचा भाचा नव्हे, पण वकीलपत्र त्याचं घेतो.

मी घरी पोचतो रात्री नऊला. अडीच-तीन तासांचा सिनेमा, त्यात आठ-दहा गाणी. गाणी काढली तर झोपायच्या आधी संपतो, ठेवली तर तीन रात्री लागतात आणि तिसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं आठवत नाही. हा माझा व्यवहार. आता तत्त्वाचं बोलतो. ती गाणी मी ऐकतो, रोज बसमध्ये, कानात हेडफोन घालून. चित्र नसतं म्हणूनच मागचं व्हायोलिन नीट ऐकू येतं. तुमचे सेबॅस्टियन डिसोझा पडद्यावर कुठे आहेत? तिथे नायक झाडाभोवती फिरतोय. त्याला मी पळवतो, डिसोझांना नाही.

आणि 'जुनं ते सोनं' या हिशेबात एक गफलत आहे. त्या काळातला कचरा काळानेच झाडून टाकला. उरले ते पंचवीस-तीस चांगले सिनेमे घेऊन आपण त्यांची तुलना कालच्या शुक्रवारी लागलेल्या सगळ्या सिनेमांशी करतो. असा सामना कोण हरेल?

माझे आवडते दोन: 'सामना' (१९७५) आणि 'सिंहासन' (१९७९). दोन्हींत बोलणं धारदार, गाण्यावाचून काही अडत नाही.

तिसरी घंटा, म्हापसा

बसपास, 'सामना' आवडतो म्हणतोस आणि 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' पळवतोस? ते आरती प्रभूंचं आहे, आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातल्या माणसाचं. त्या सिनेमाचा अख्खा जीव त्या चार ओळींत आहे. आणि 'सिंहासन'मधून 'उषःकाल होता होता' काढून दाखव. तुझा साक्षीदार उलटला.

पण जुनी बाल्कनी, तुमच्याशीही माझं पटत नाही. तुमच्या यादीत सिनेमा म्हणजे गाण्यांची माळ. 'कुंकू' (१९३७) कुठे आहे? शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत घेतलंच नाही. घड्याळाची टिकटिक, दाराची कडी, भांड्यांचा आवाज. बिजवर म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्या घरात वावरते आणि आपल्या कानावर घरच पडत राहतं. मी 'कुंकू' पहिल्यांदा कॉलेजात असताना पाहिला, एका पाहुण्यांच्या ओळखीने मिळालेल्या खराब प्रतीवर. अर्धे संवाद कळले नाहीत, पण शांता आपटेंची मान कळली. ती मान त्या बाई एकदाही खाली घालत नाहीत. आणि त्याच सिनेमात ती लाँगफेलोची इंग्रजी कविताही गाते, हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं.

पस्तीस वर्षांनी तेच दिग्दर्शक 'पिंजरा' काढतात आणि तिथे तमाशातली बाई म्हणजे मास्तरचा सापळा. संध्याबाईंचा नाच, राम कदमांचं संगीत, लागूंचा अभिनय, सगळं कबूल. पण बायकांच्या बाबतीत सिनेमा पुढे गेला की मागे? तुम्हा पुरुषांच्या यादीत 'पिंजरा' नेहमी असतो आणि 'कुंकू' नेहमी राहून जातो. हा योगायोग मला तरी वाटत नाही.

बसपास, वेर्णा

तिसरी घंटा, गाण्यांचा मुद्दा अर्धा मान्य. ती दोन गाणी मी पळवली नव्हती हे आत्ता आठवलं. चांगलं गाणं असेल तर बोट आपोआप थांबतं. नियम कशाला हवा?

'कुंकू'चं मात्र फार कौतुक नको. नीराची सुटका होते कशाने? म्हातारा जीव देतो तेव्हा. म्हणजे शेवटी मोठेपणा पदरात कुणाच्या? काकासाहेबांच्याच.

तिसरी घंटा, म्हापसा

तो सिनेमा १९३७ चा आहे बाबा. घटस्फोटाचा कायदा नव्हता. लेखकाने तिला घराबाहेर काढायची वाट कुठून आणायची? आणि शेवट सांगून टाकलास, आता इथे कोण बघणार तो?

खारें वारें, मडगाव

सगळे मुंबई-पुण्यात फिरताय, थोडं मडगावला उतरा.

फ्रँक फर्नांड हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात ट्रंपेट वाजवायचे. त्याच माणसाने मिळवलेल्या पैशातून कोंकणी सिनेमे काढले: 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६). 'निर्मोण' इतका आवडला की पुढच्याच वर्षी त्यावरून हिंदीत 'तकदीर' निघाला. म्हणजे जुनी बाल्कनी म्हणतात तो गाण्यामागचा माणूस नुसता मागे राहिला नाही, पुढेही आला. पण मराठी घरांत 'निर्मोण' किती जणांनी पाहिलाय? आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर मंगेशकरांचे फोटो होते, आणि कोंकणी सिनेमा म्हणजे किरिस्तांवांचा (ख्रिश्चनांचा), असं स्वच्छ म्हणायचे. मीही तसाच वाढलो. 'निर्मोण' पन्नाशी उलटल्यावर पाहिला आणि शालिनी मार्दोळकर बघून वाटलं, ही बाई तर आमच्या वाड्यावरची.

दुसरं. 'बॉबी'तलं (१९७३) 'घे घे घे रे सायबा' सगळे नाचतात. मूळ आपली देखणी आहे, म्हणजे गोव्यातलं जुनं नाचगाणं. पलीकडच्या तीरावर दामूच्या लग्नाला नाचायला निघालेली कलावंतीण तारवाल्याला अंगावरचे दागिने देऊ करते, "घे घे घे", आणि तो म्हणतो, "म्हाका नाका गो". नदी, नाव, ती बाई, तिचं पोट, सगळं त्या चार कडव्यांत आहे. सिनेमात राहिली ती फक्त चाल आणि मासळीवाला प्रेमनाथ. आता सांगा, हे गाणं पळवणाऱ्यावर रागावू की बनवणाऱ्यावर?

जुनी बाल्कनी, फोंडा

दोघांवर नको. लहानपणी ती देखणी मला 'बॉबी'मुळेच कळली हे कबूल करतो. आजी गुणगुणायची तेव्हा लक्ष दिलं नव्हतं, लाऊडस्पीकरवर आल्यावर दिलं. लाजिरवाणं आहे, पण असंच झालं.

तिसरी घंटा, 'कुंकू' यादीत नसण्याचं कारण सोपं आहे: मी तो अजून पाहिला नाही. आता शेवट माहीत असूनही बघेन.

रीळपेटी, पणजी

भांडण रंगात आहे, पण तुम्ही सगळे ज्याच्यावर भांडताय तो सिनेमा तुमच्या टीव्हीवर धड दिसतोय का?

जुन्या सिनेमांची चौकट जवळजवळ चौरस असते. आजचा टीव्ही लांबट. सेटिंग चुकीचं असेल तर चित्र आडवं ताणलं जातं आणि गीता बाली लाटलेल्या पोळीसारखी दिसते. रिमोटवर चित्राच्या मापाचं बटण असतं, ते चार-तीनवर ठेवा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. घरचे म्हणतील टीव्ही बिघडला. म्हणू दे.

आणि इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या प्रती तपासून घ्या. टीव्हीवर बसवण्यासाठी कुणी कधीतरी कात्री लावलेली असते, आणि पहिली कात्री गाण्यावरच पडते. म्हणजे बसपास, तुझ्या आधीच कुणीतरी तुझं काम करून ठेवलेलं असतं.

'कुंकू' काढणाऱ्या 'प्रभात' कंपनीचे सिनेमे नायट्रेट फिल्मवर होते. ती पेट घेते तेव्हा पाण्यानेही आवरत नाही. २००३ मध्ये पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागली आणि त्यात 'प्रभात'च्या मूळ रिळांचाही घास गेला. प्रती होत्या म्हणून आज 'संत तुकाराम' (१९३६) बघायला मिळतो. व्हेनिसला गौरवलेला सिनेमा आपण नकलेवरून बघतो. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीतच आहे, आणि अलीकडे तिथे दुरुस्त केलेले जुने सिनेमे दाखवतात. मोठ्या पडद्यावर, अंधारात, रिमोटशिवाय. मी तिथे एका कृष्णधवल सिनेमाला विशीतली पोरं शेवटपर्यंत गप्प बसलेली पाहिली. त्यांची आवड अचानक सुधारली असं नाही. हातात बटण नव्हतं, एवढंच.

बसपास, वेर्णा

म्हणजे अंधारात कोंडलं की आम्ही रसिक होतो! बरं. नोव्हेंबरात रजा टाकून येतो. पण घरच्या रिमोटवरचा हक्क सोडत नाही.

जुनी बाल्कनी, फोंडा

आठवड्यानंतर लिहितोय, कारण माझ्याच घरात माझा निकाल लागला.

आई ऐंशीची. 'अलबेला'ची गाणी तिने लहानपणी शेजाऱ्यांच्या रेडिओवर, सिलोनवर ऐकलेली. सिनेमा कधीच पाहिला नव्हता. डिचोलीहून पोरीबाळींना थेटरात कोण नेणार तेव्हा? काल तिला शांतपणे, काळ्या पट्ट्यांसकट, लावून दिला. म्हटलं आता एक मिनिटही पुढे ढकलणार नाही. पहिलं गाणं आलं तशी ती पुढे सरकून बसली. "अगो, हो दिसता असो?" भगवानदादांना उद्देशून. इतकी वर्षं तिच्या डोक्यात त्या आवाजाला दुसराच कुणी चेहरा होता. झालरीवाला बँड आला तेव्हा मी हळदोण्याचं सांगू लागलो, तर तिने हातानेच गप्प बसवलं.

गाणं संपलं. पाच मिनिटं संवाद चालले. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ही बडबड कित्याक? फुडें व्हर रे. गाणें लाय."

सबंध सिनेमा तसाच बघितला. रिमोट माझ्या हातात होता.

बसपास, वेर्णा

आजींना माझा नमस्कार सांगा.